साखराच्या पट्टीतला बुरा

साखराबाईला गावानं शिवेबाहेर घालवलं, त्या दिवशी तिची थोरली बहीण तुळजाबाई घरात कोंडलेली होती. बाहेरून कडी लावली होती ती तुळजाबाईच्या नवऱ्यानं, रामहरीनं.

दोघी सख्ख्या बहिणी आणि दोघी सख्ख्या जावा. तलवाड्याच्या बाजारावर जगणाऱ्या त्या नदीकाठच्या गावात एकाच मांडवात दोघींची लग्नं लागली होती. थोरली रामहरीला, धाकटी त्याच्या भावाला. पुढं पटकीच्या साथीत तो भाऊ गेला. साखराच्या पदरात लेकरू नव्हतं, तरी तिनं माहेरची वाट धरली नाही. नवऱ्यामागं नदीला लागून एक गाळाची पट्टी राहिली होती, ती तिनं स्वतः कसायला घेतली. औत तेवढं रामहरी हाकायचा. बाकी पेरणीपासून राखणीपर्यंत सगळं तिचं तीच बघायची. रान असं, की माळावरची करडई गुडघ्याला लागायची तेव्हा साखराची कमरेला लागलेली असायची.

त्या पट्टीवर सुंदरराव पाटलाचा डोळा होता. त्याचं रान मोठं, पण सगळं माळाचं. नदीपर्यंत उतरायला मधे ही पट्टी आडवी. त्यानं माणसं पाठवून मागणी घातली. साखरानं चावडीसमोर, चार माणसांत उत्तर दिलं, "पाटलाला सांगा, माझा नवरा मेलाय, रान न्हाई मेलं."

लोक हसले. ते हसणं पाटलाच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं.

त्याच साली मार्गशीर्षात आभाळ धरून आलं आणि करडईवर मावा पडला. खसखशीएवढे काळे किडे देठाला आणि पानांच्या पोटाला असे दाट बसले, की हिरवं दिसेनासं झालं. पानांवर चिकटा सांडायचा, त्यावर काजळी धरायची आणि झाड उभ्या उभ्या वाळायचं. लोकांनी राख उधळली, बांधाबांधानं धूर केला. काही उपयोग होईना, तेव्हा बंकट देवऋष्याला बसवलं. बंकट घुमला, केस सोडून डोलला आणि म्हणाला, "पांढऱ्या कपाळाची बाई हाय. नदीच्या अंगानं हिंडती. तिच्या पावलातनं मावा उठतो."

आदल्या दिवशी बंकट पाटलाच्या ओसरीवर जेवला होता. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. बोललं कुणीच नाही.

इडापिडा शिवेबाहेर टाकायचा रिवाज होताच. एरवी फुटक्या सुपात झिजलेली केरसुणी घालून नेत. त्या वेळी ते सूप साखराच्या डोक्यावर दिलं. पुढं हलगी, मागं गाव. तुळजाबाई आतून दार बडवत होती, "उघडा! माझी भन हाय ती!" रामहरी दाराला पाठ लावून बसला होता. "गप बस," तो म्हणत होता, "तुलाबी नेतील."

थंडी हाडं फोडणारी होती. साखरा माहेराकडं निघाली असावी. दोन-तीन दिवसांनी धनगरांना ती एका ओढ्याच्या कडेला बाभळीखाली सापडली. अंगावरच्या लुगड्याचा पदर तिनं तोंडावर ओढून घेतलेला होता.

तुळजाबाई रडली नाही. तेराव्यापर्यंत खाली मान घालून सगळं केलं, आणि त्यानंतर नवऱ्याशी बोलणं बंद केलं. भाकरी वाढायची, बैलाला वैरण टाकायची, त्याच्याबरोबर रानात राबायची; पण शब्द नाही. रामहरी आधी चिडला, मग त्यानं विनवण्या करून पाहिल्या, मग तोही मुका झाला. पाटलानं साखराची पट्टी बेवारस म्हणून आपल्या औताखाली घेतली, तेव्हाही तो मुकाच राहिला. जात्यावर बसल्या, की इतर बायका ओव्या म्हणायच्या. तुळजाबाई दळताना पाटलाला डोळ्यांपुढं आणून एकच वाक्य मनात फिरवायची. त्याला तसाच चालवीन. त्याला तसाच चालवीन.

कसा, ते तिला ठाऊक नव्हतं. पाटलाच्या मागं गढीची माणसं, तहसिलीत ऊठबस. आणि ही एक कुणब्याची बाई.

पुढल्या थंडीत मावा परत आला. गाव हादरलं. ज्या बाईच्या पावलातून तो उठत होता, ती तर वर्षभरामागं राख झाली होती. मग हा कुठून आला, असं मनात अनेकांच्या आलं असेल, पण पाटलासमोर विचारणार कोण?

एका सकाळी तुळजाबाई साखराच्या पट्टीच्या बांधावर गवत कापत होती. पाटलानं तिथंही करडईच पेरली होती. नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं, लुगडं पोटरीपर्यंत ओलं झालं होतं. कापता कापता तिचा हात थांबला. समोरच्या झाडाच्या खालच्या पानांवर काळं नव्हतं, पांढरं होतं. शिळ्या भाकरीवर बुरा यावा तसं. तिनं पान उलटं केलं. मावाच होता, पण एकेक किडा पांढऱ्या लवेत गुरफटून पानाला चिकटलेला. काट्यानं टोचला, तरी हलला नाही, पिठासारखा फुटला. शेजारचे काही अजून जिवंत होते, पण फुगलेले, फिकट, सुस्त. आणि वरची कोवळी पालवी स्वच्छ हिरवी होती.

ती आत शिरली. करडईचे काटे हाताला ओरखडत होते, तिकडं लक्ष गेलं नाही. नदीच्या जितकं जवळ, तितका बुरा जास्त. अगदी काठावरच्या ओळीत तर जिता मावा औषधाला सापडेना.

"ह्यांनाबी पटकी झाली," ती स्वतःशीच म्हणाली.

घोडीचा आवाज आला तशी तिनं बुऱ्यानं भरलेली पानं ओरबाडून गवताच्या भाऱ्यात कोंबली. पाटील आला होता, बरोबर दोन गडी. गड्यांनीच त्याला सांगितलं असावं. पाटलानं घोडीवरूनच वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ही आन् काय नवी पीडा? माळावर चढली तर हाय ते बी जाईल. उपटा समदी. आजच जाळून टाका." मग त्याची नजर हिच्यावर गेली. "रामहरीची न्हवं का गं तू? कुणाला इचारून कापलंस गवत?"

"कापलं खरं," तुळजाबाई भारा डोक्यावर घेत म्हणाली. "आता न्हाई येणार."

दुपारपर्यंत साखराच्या पट्टीतून धूर निघत होता. तुळजाबाई अंगणातून बघत होती. मारेकऱ्याला मारणारं होतं, ते पाटलानं आपल्या हातानं जाळलं. आता ते साऱ्या शिवारात फक्त तिच्या घरात उरलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा तिला सपाटून भूक लागली.

पण त्याचं करायचं काय, ते सापडायला वेळ लागला. पहिल्यांदा तिनं भर उन्हात काही पानं आपल्या करडईवर नेऊन ठेवली. ती वाळून उडून गेली, माव्याला काही झालं नाही. उरलेली ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाशेजारी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी फडकं उघडलं, तर बुरा आणखी फुलला होता. मग तिच्या ध्यानात आलं, की ह्याला ओल लागते, गारवा लागतो. ऊन ह्याचा वैरी. तिनं पानं घागरीतल्या पाण्यात चोळली, पाणी धुरकट झालं. दिवस मावळताना रानात जाऊन कडुलिंबाच्या डहाळीनं ते ओळीओळीनं शिंपडलं. वरून रात्रीचं दव पडणारच होतं.

चार दिवस काही दिसलं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मावा सुस्तावला. आठवड्यानं खालची पानं पांढरी झाली.

रामहरीनं एक झाड उपटून हातात धरलं. "काय केलंस तू ह्याला?" त्यानं विचारलं. तुळजाबाईनं डहाळी झटकली आणि पुढच्या ओळीला लागली.

नदीवर धुणं धुताना शेजारची दगडाबाई जवळ सरकली. दगडाबाई जिभेची तिखट, घरात धाक तिचाच. "तुळजे, तुझं रान तेवढं हिरवं. खरं सांग, काय केलंस?"

"साखराला नेत हुते तवा तू दारात उभी हुतीस," तुळजाबाई म्हणाली.

दगडाबाईचा धुण्यावरचा हात थांबला. पाणी तिच्या बोटांमधून वाहत राहिलं. "हुते," ती म्हणाली. "समद्याच हुतो."

"मग ऐक. तुला पानं देते. तू दुसरीला दे, तिनं तिसरीला. समद्या गावाला मिळू दे. गड्यांना सांगायचं न्हाई. आन् पाटलाच्या रानात ह्यातलं एक पान जरी गेलं, तर तुझं माझं संपलं."

दगडाबाईनं धुणं बाजूला सारलं. पाटलानं कुणाची बकरी कोंडली होती, कुणाच्या पोराला चावडीपुढं उन्हात वाकवून उभं केलं होतं. गावात एक घर नव्हतं, ज्याला त्याचा चटका बसला नव्हता. "न्हाई जाणार," ती म्हणाली आणि ओलं फडकं पिळून पानांसाठी पुढं केलं.

बायका पाण्याला जात, गवताला जात, येताना घागरीत पानं असत. संध्याकाळच्या वेळी रानोरान डहाळ्या हलू लागल्या; गड्यांनी विचारलं, तर बायका म्हणायच्या, देवाचं पाणी शिंपतोय. पौष सरेपर्यंत नदीपासून गावठाणापर्यंत करडई हिरवीगार झाली. बंकट देवऋष्यानं छाती पुढं काढून आपलाच गुण सांगितला आणि घरोघरचे नारळ गोळा केले. बायका त्याला नारळ देत आणि पदराआड हसत.

पाटलाचं रान मात्र काळंठिक्कर पडत चाललं. थोडा बुरा वाऱ्यावर तिकडंही गेला असेल. पण त्या उघड्या माळावर धुकं ठरत नव्हतं, ओल टिकत नव्हती. तुळजाबाई रोज सरपणाचं निमित्त करून त्याच्या बांधावरून जायची. पानांवरचा चिकटा उन्हात चमकताना बघायची. जेवणारानं ताटातली भाजी चवीनं संपवावी, तशी ती ओळीमागून ओळ नजरेनं संपवायची.

एक दिवस पाटलानं बंकटला चावडीवर बोलावलं. "साऱ्या गावाचा मावा काढलास, मग माझ्या रानातनं कावून जात न्हाई बे?"

बंकटला घाम फुटला. मी काढलाच नाही, असं म्हणायची सोय त्यानं नारळ घेऊन घालवली होती. तो म्हणाला, "पाटील, पीडा आता रानात न्हाई. घरात हाय."

हे चावडीवर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत गावानं ऐकलं. लोक कुजबुजू लागले. गेल्या साली साखराला म्हणत होते, यंदा बघा मावा कुणाच्या घरी बसलाय. पाटलाला ती कुजबुज कळत होती. आज घराकडं बोट दाखवतात, उद्या माझ्याकडं दाखवतील, हे न समजण्याइतका तो भोळा नव्हता. त्यानं बोट कुणी दाखवायच्या आत आपणच दाखवलं.

त्याच्या घरात नवी सून होती, सरस्वती. लेकाचं, मोहनरावाचं, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. माहेर लांब, तिकडं युसूफ वडगावच्या बाजूला. विचारायला धावून येणारं जवळ कुणी नाही. पाटील म्हणाला, "हिचा पायगुण."

सकाळची वेळ होती. तुळजाबाई चुलीपुढं बसली होती आणि हलगी वाजली. तोच ठेका. तिच्या हातातलं पीठ परातीत पडलं.

"कुणाला नेत्यात?" तिनं दारातूनच रस्त्यानं जाणाऱ्या बाईला विचारलं.

"पाटलाच्या सुनंला."

तुळजाबाई तशीच उभी राहिली. क्षणभर एक कडवट गोडी तिच्या जिभेवर आली. जाऊ दे. त्याच्या घरातली बाई जाऊ दे, कळू दे त्याला. मग दुसऱ्याच क्षणी तिला उमगलं, की त्याला काहीच कळणार नाही. तो सून देईल, घरात जाऊन जेवेल, आणि पुढल्या साली लेकासाठी दुसरी आणेल. तिनं इतके दिवस आवळत आणलेला फास भलतीच्याच गळ्यात पडला होता.

रांजणाजवळचं पानांचं ओलं फडकं कनवटीला खोचून ती बाहेर निघाली. रामहरी ओसरीवर होता. तो उठून दारात आला.

"कडीला हात लावून बघा आज," तुळजाबाई म्हणाली. वर्षभरात त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

रामहरी बाजूला झाला. मग कोपऱ्यातली काठी घेऊन तिच्या मागं निघाला.

मारुतीच्या पारापुढं गाव जमलं होतं. सरस्वतीच्या डोक्यावर सूप होतं, सुपात केरसुणी. पोरगी इतकी थरथरत होती, की सूप खडखड वाजत होतं. मोहनराव बापाशेजारी खाली मान घालून उभा होता. तुळजाबाई गर्दीतून सरळ आत गेली आणि सूप तिच्या डोक्यावरून काढून घेतलं.

"हिनं न्हाई आणला मावा," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमच्या रानातला मी मारला. आन् पाटलाच्या रानात मी ठिवला."

हलगी थांबली.

"बघा, बघा!" बंकट ओरडला. "हीच चेटकी! स्वतःच्या तोंडानं..."

"चेटकी?" तुळजाबाईनं कनवटीचं ओलं फडकं सोडलं आणि पान सगळ्यांपुढं धरलं. "हा बुरा. शिळ्या भाकरीला येतो तसा माव्याला येतो, आन् मावा मरतो. साखराच्या पट्टीत आपसूक आला हुता, पाटलानं उपटून जाळला. मी वाचवला, पाण्यात कालवून शिंपडला. हे चेटूक आसंल, तर तुमच्या घराघरातल्या बायका चेटक्या हायेत. इचारा त्यांना."

कुणी हललं नाही. तुळजाबाईला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागून दगडाबाईचा आवाज आला, "मी शिंपडलंय. घाला मलाबी शिवंबाहीर." मग दुसरी बाई म्हणाली, मग तिसरी. गडी आपापल्या बायकांच्या तोंडाकडं बघत राहिले. बंकट हळूच माणसांच्या मागं सरकला.

पाटलाचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे त्या पानावरून हटत नव्हते. "हे आणखी हाय तुझ्याकडं?" त्यानं विचारलं.

"हाय."

"मग दे की. काय पायजे त्ये माग."

तुळजाबाईनं हातातलं सूप पुढं केलं. "हे डोक्यावर घ्या. शिवेपर्यंत चला. तिथं गावापुढं सांगा, साखराला कावून घालवली ते. मग पानं देईन."

"शुद्धीत हायेस का? पाटील हाय मी!"

"ती माझी भन हुती."

पाटलानं आजूबाजूला पाहिलं. त्याचे गडी जमिनीकडं बघत होते. रामहरी काठी टेकून बायकोशेजारी येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्यामागं आणखी काही जण. शेवटी पाटलानं लेकाकडं पाहिलं. मोहनरावानं मान वर केली. त्याची बायको अजून हुंदके देत होती.

"आबा," मोहनराव म्हणाला, "तिला घ्यायला लावलं तवा जड न्हाई वाटलं. उचला."

सुंदरराव पाटलानं सूप डोक्यावर घेतलं. फेटा आड येत होता, तो त्याला काढावा लागला. हलगीवाला वाजवायला धजेना. तुळजाबाईनं त्याला खूण केली आणि त्यानं ठेका धरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. तुळजाबाई बरोबर त्याच्या मागं चालत होती. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि त्याच्या प्रत्येक पावलागणिक तिच्या छातीवरचा एकेक धोंडा कुणीतरी काढून ठेवत होतं.

शिवेच्या दगडापाशी तो थांबला. "साखराबाईचा दोष नव्हता," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"साखराबाईचा दोष नव्हता! मला तिची पट्टी पायजे हुती. बंकटला मीच सांगितलं हुतं."

गावकऱ्यांत कुणीतरी लांब श्वास सोडला. 

तुळजाबाईनं शब्द पाळला. त्याच दिवशी घागरभर पानं पाटलाच्या घरी पोचती केली, कसं चोळायचं, केव्हा शिंपायचं, सगळं गड्यांना खरंखरं सांगितलं. एक अक्षर लपवलं नाही. गडी दोन-तीन संध्याकाळी राबले. पण माघ उलटून गेला होता. थंडी मोडली होती, सकाळी रानात गेलं तरी पायाला दव लागत नव्हतं, आणि माळावर तर ऊन दिवसभर तापत होतं. बुरा धरलाच नाही. करडई मुळापासून शेंड्यापर्यंत वाळून गेली, आणि मोहनरावानं शेवटी तिच्यात गुरं सोडली. काटे आणि चिकटा म्हणून गुरांनीही तोंड लावलं नाही.

त्या दिवशी जेवताना रामहरीनं विचारलं, "दव सरलं हुतं. तुला ठाऊक हुतं न्हवं?"

"ठाऊक हुतं," तुळजाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"तरी त्याला चालवलंस."

"म्हणूनच चालवलं. त्याचं रान वाचावं म्हणून न्हवं."

रामहरीनं भाकरी मोडली. कडी लावल्याची माफी त्यानं मागितली ती फार पुढं, आणि तिनं ती दिली का नाही, हे त्या दोघांनाच माहीत. पण घरात बोलणं सुरू झालं.

साखराच्या पट्टीवरून पाटलाचं औत निघालं. मोहनरावानंच काढलं, कुणी सांगायच्या आधी, आणि पट्टी तुळजाबाई कसू लागली. बंकटनं दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवलं. सुंदरराव पाटील गावातच राहिला. पाटीलकीही राहिली, कारण ती काढून घेणारं गावात कुणी नव्हतं. पण चावडीवर तो बोलू लागला, की माणसं ऐकता ऐकता त्याच्या डोक्याकडं बघायची, आणि तो बोलणं अर्धंच सोडायचा.

पुढल्या थंडीत धुकं आलं, मावा आला, आणि नदीकाठच्या ओळींवर पुन्हा पांढरी लव धरली. एका दुपारी सरस्वती रिकामी घागर घेऊन साखराच्या पट्टीच्या बांधावर येऊन उभी राहिली. आता तिची कूस उजवणार होती, चालणं जड झालं होतं.

"काकू, आमच्या रानात परत पडलाय," ती म्हणाली. "द्याल का?"

तुळजाबाईनं खुरपं खाली ठेवलं. वर माळाच्या टोकाला, आपल्या बांधावर, सुंदरराव बसलेला दिसत होता. इतक्या लांबूनही तो इकडंच बघतोय, हे कळत होतं. तिनं पानं तोडली, घागर गळ्यापर्यंत भरली, वरून ओलं फडकं घातलं.

"आज संध्याकाळीच शिंप, दव पडायच्या आत," ती म्हणाली. "आन् एक करायचं. यंदा करडई चांगली यील तुमची. घाण्याचं तेल घरात यील. सासऱ्याला वाढशील तवा सांगायचं, हे साखराबाईच्या रानातल्या बुऱ्यावर आलेलं हाय. रोज सांगायचं. ताटात तेल पडलं, की सांगायचं."

सरस्वतीनं माळाकडं पाहिलं. मग घागर कमरेवर घेतली.

"सांगीन की," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. सुंदरराव जिवंत होता तोवर, भाजी कुठलीही असो, वाढताना एकदाही विसरली नाही.